मावशीच्या बागेतलं ताम्रपाषाण युग

माझ्या मावशीच्या यजमानांइतका खाली मान घालून चालणारा पुरुष अख्ख्या नाशकात दुसरा सापडायचा नाही, आणि ती मान विनयाने खाली गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. विनय आणि आमचे काका यांची आजवर भेट झालेली नाही. ते खाली बघतात, कारण खाली काहीतरी आहे अशी त्यांची खात्री असते. लग्नाच्या हॉलमध्ये लोक नवरीचा शालू बघत असतात, तेव्हा काका हॉलच्या मागे पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात डोकावत असतात. पंचवटीत भाजी आणायला पाठवावं, तर मेथीच्या मुळांना लागलेली माती बोटांनी चुरतात, "ही गोदाकाठची नाही," असा निर्वाळा देतात आणि रिकाम्या पिशवीने घरी येतात. मेथी तिथेच राहते. मावशी म्हणते, "अडतीस वर्षं झाली, मी काही यांना दिसले नाही. मी पडले जमिनीच्या वर राहणारी!"

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले. शेताच्या बांधावर टेप आणि नकाशा घेऊन उभं राहायचं आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना मधोमध हद्दीची खूण ठोकायची, हा त्यांचा चौतीस वर्षांचा उद्योग. सिन्नरपासून सटाण्यापर्यंत कुणाचा बांध कुठे वाकडा आहे ते त्यांना तोंडपाठ. सटाण्याकडच्या एका म्हाताऱ्याने कांद्याच्या चाळीत बसवून चहा पाजला आणि हळूच विचारलं, "साहेब, खरं सांगा, बांध कोना शे?" काकांनी चहा संपवून उत्तर दिलं, "ना तुमचा, ना तुमच्या भावाचा. बांध नकाशाचा." असा हा कडक माणूस निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीतल्या झोपाळ्यावर जो बसला, तो आठ महिने उठला नाही. पेपर उघडायचे, पण पान उलटायचे नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी जेवायचे. एरवी जिरं कमी पडलं तर तहसीलदाराच्या आवाजात जाब विचारणारा माणूस अळणी वरण मुकाट्याने जेवतोय म्हटल्यावर आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि तब्येत ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मावशी मला फोनवर म्हणाली, "तब्येत ठणठणीत आहे गं, माणूस कुठे गेलाय ते सांग म्हणावं."

शेवटी मावशीनेच एक युक्ती केली. लिंबाचं रोप आणलं आणि काकांच्या हातात कुदळ दिली. निदान खड्डा खणायला तरी उठतील, एवढाच हेतू. काका उठले. दीड फुटावर त्यांना हाताच्या तळव्याएवढं एक लाल खापर लागलं. त्यांनी ते धोतराला... चुकले, काका धोतर नेसत नाहीत; पण ती गोष्ट सांगताना मावशी इतकी रंगात येते की मलाही ते धोतरातच दिसतात. त्यांनी ते पायजम्याला पुसलं, उन्हात धरलं आणि आठ महिन्यांनी पहिलं पूर्ण वाक्य बोलले, "अगं, पांडवलेण्यातले भिक्षू भिक्षेला कुठेतरी जात असतीलच ना?" मावशीला वाक्याचा अर्थ कळला नाही, पण तिने देवापुढे साखर ठेवली. लिंबाचं रोप मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतच वाळून गेलं. त्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ते कधीच लागलं नाही.

तर अशी ही सुरुवात. "आयुष्यभर लोकांच्या जमिनी आडव्या मोजल्या, आपली उभी मोजायची राहिली," असं काका म्हणाले आणि उभी मोजायला लागले. मखमलाबाद रस्त्यावरच्या त्यांच्या छोट्या बंगल्याभोवती मावशीची बाग होती. तिच्यावर सुतळीने चौकोन आखले गेले. अ-एक, अ-दोन, ब-एक असे. कढीपत्ता ब-तीनमध्ये आला आणि गेला. मोगरा क-एकमध्ये आला आणि गेला. अबोलीने जरा तग धरला, कारण ती दोन चौकोनांच्या हद्दीवर होती आणि हद्दीला हात लावायचा नाही हे काकांच्या रक्तातच होतं. पाहुण्यांनी फाटकापासून दारापर्यंत एका फळीवरून चालायचं. एकदा भिशीला आलेल्या एका बाईंचा पाय फळीवरून घसरून अ-दोनमध्ये गेला. काका धावत आले. आम्हाला वाटलं, बाईंना हात देणार. त्यांनी वाकून पायाचा ठसा मोजला आणि तो 'अर्वाचीन' असल्याची नोंद केली.

हत्यारांची टंचाई काकांना कधीच भासली नाही, कारण शेजारीच मावशीचं स्वयंपाकघर होतं. थालीपीठ उलटायचं उलथनं माती खरवडायला गेलं. सोजी चाळायची चाळण माती चाळायला गेली. चहाची गाळणी कुठे गेली ते मी विचारलं नाही, पण एका चहात माझ्या दाताखाली जे काही आलं, ते साखर नव्हतं. मी दातांची डॉक्टर असल्यामुळे जुने ब्रश पुरवण्याचं खातं माझ्याकडे आलं. खापरं घासायला मऊ ब्रश, विटांना मध्यम. एखाद्या महिन्यात ब्रश गेले नाहीत की काकांचा निरोप यायचा, "काम खोळंबलंय." काम! तीन वर्षांत मोगरा गेला, बसायची जागा गेली, दोरीवर कपडे वाळत घालायची सोय गेली, आणि मावशी हूं की चूं करत नव्हती. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, तू बोलत का नाहीस?" ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "काल भाजीत मीठ कमी पडलं म्हणून केवढे ओरडले!" आणि तिला इतका आनंद झाला होता की मीही तिच्याबरोबर शेंगा सोलायला बसले.

काकांच्या वहीत जमिनीचे थर होते. सगळ्यात वर अर्वाचीन थर. त्यात शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं आणि एक टेनिसचा चेंडू. खाली बांधकाम थर. त्यात विटांचे तुकडे आणि गवंड्यांच्या विड्यांची थोटकं, ती तीन डब्यांत लांबीनुसार लावलेली. त्याखाली द्राक्षथर. वसाहत व्हायच्या आधी तिथे द्राक्षाची बाग होती. मांडवाची गंजकी तार निघाली, लोखंडी अँगलचा एक टोकदार तुकडा निघाला. हा तुकडा 'भाल्याचं पातं' म्हणून टीव्हीशेजारी दीड महिना विराजमान होता. अखेर कामाला येणाऱ्या कलाबाईंनी फडकं मारता मारता सांगितलं, "सायेब, असला अँगल आमच्या मांडवाला हाय की. पाहिजे तर आख्खा आणते." कलाबाई दिंडोरीकडच्या. खापरांविषयी त्यांच्या मनात काडीचा आदर नव्हता. "आमच्या गावाकडं उकिरड्यावर लय पडल्यात," त्या म्हणायच्या, "टॅक्टर भरून आणू का?" काका दुखावून म्हणायचे, "कलाबाई, वस्तू महत्त्वाची नसते, थर महत्त्वाचा असतो." कलाबाई केर भरता भरता म्हणायच्या, "आता केराचा बी थर हाय का काय, सांगा. न्हायतर टाकते."

हे असं चालू असताना काका एकदा माझ्या दवाखान्यात शिरले. खुर्चीत पेशंट, त्याच्या तोंडात माझे दोन्ही हात. काकांनी रुमाल उलगडला. "मानवी! खालचा जबडा! झीज बघून वय सांग." पेशंटने तोंड मिटलं आणि माझं बोट थोडक्यात वाचलं. मी रुमालात बघितलं आणि म्हटलं, "काका, ही कवळी आहे." ते म्हणाले, "त्या काळी कवळ्या होत्या?" मग त्यांचा त्यांनाच प्रकाश पडला. त्यांच्या आईची कवळी बावीस वर्षांपूर्वी धुण्याच्या दगडाजवळून नाहीशी झाली होती, आणि ती सुनेनेच द्वेषाने फेकली असं म्हातारीने मरेपर्यंत गावभर सांगितलं होतं. मावशीने कवळी हातात घेतली, स्वच्छ धुतली, सासूबाईंच्या फोटोसमोर नेऊन ठेवली आणि फोटोकडे बघून एकच शब्द बोलली, "घ्या." त्या दिवशी काकांच्या खोदकामाला घरातून अधिकृत मान्यता मिळाली आणि रात्रीच्या जेवणाला पुरणपोळी झाली.

बाहेरच्या जगाला मात्र हे पचणं कठीण होतं. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात काकांनी मखमली डबीतून आहेर दिला. आत कापसावर बागेतलं सगळ्यात देखणं खापर. नवरीच्या आत्याने डबी उघडली आणि किंचाळून बाजूला फेकली. शुभकार्यात फुटकं मडकं म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. काका मांडवभर खाली वाकून खापर शोधत होते आणि समजावत होते, "अहो, हे तसलं नाही, हे धान्याच्या रांजणाचं आहे!" आम्हाला आइस्क्रीम न खाताच निघावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि मग मागच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, काकांचा फोन आला. "सोड सगळं आणि ये." मी दुपारी गेले. चौकोन क-चारमध्ये, अडीच फुटांवर, त्यांना मातीचं झाकण असलेलं एक बोळकं सापडलं होतं. आत तांब्याचा बोटभर माणूस, पालथा घातलेला. भोवती काळी पडलेली धान्यं, रंगीत खडे, आणि एक मोती. काकांनी टीव्हीच्या कपाटावरचं सगळं हलवून तिथे पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर हे सगळं मांडून समोर पाटी लावली होती. 'क्र. २१४. ताम्रपुरुष. कालखंड: ताम्रपाषाण.' म्हणजे झाली तीनेक हजार वर्षं. "अधोमुख दफन!" काका म्हणाले. "असा विधी कुठेही नोंदलेला नाही. आणि मोती बघ. समुद्र इथून किती लांब! म्हणजे व्यापार." मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. त्या भरातच मी घोळ घालून बसले. माझ्याकडे एका दाढेचं रूट कॅनाल करायला येणाऱ्या एक बाई कॉलेजात इतिहास शिकवतात, खऱ्याखुऱ्या उत्खननांवर उन्हातान्हात बसलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडात कापूस असतानाच मी त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. त्या अवस्थेत कुणाला नाही म्हणता येत नाही. काकांनी लगेच वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिकांनाही बोलावून टाकलं, व्याख्यानासकट.

गुरुवारी मावशीने मला घरी बोलावलं, स्वयंपाकघरात नेलं, कुकरची शिटी व्हायची वाट बघितली आणि त्या आवाजात म्हणाली, "यांनी आपला वास्तुपुरुष उकरलाय."

मी म्हटलं, "काय?"

"अगं, आपला! या घराचा! लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वास्तुशांत केली तेव्हा पुरलेला. आम्ही दोघांनीच पुरला."

आता हे खरं म्हणजे लहान मुलालाही माहीत असतं, फक्त मला आणि काकांना आठवलं नव्हतं. नव्या घराची शांत करतात, तेव्हा आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी घालून पुरतात, आणि मग त्याने तिथे पडून राहायचं आणि घराला तथास्तु म्हणत राहायचं. पण तेव्हाचं घर दोन खोल्यांचं. पंधरा वर्षांपूर्वी घर वाढवताना जुनं स्वयंपाकघर पाडलं, आणि त्याचा आग्नेय कोपरा बागेत आला. जिल्हाभरच्या लोकांचे बांध तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतःचं स्वयंपाकघर कुठवर होतं ते साफ विसरला होता. "आणि पुरताना?" मी विचारलं. "पुरताना स्वतः यजमान म्हणून बसले होते ना?" मावशी म्हणाली, "बसले कुठे? गुरुजींशी भांडत होते. गुरुजींनी दाखवलेली आग्नेय चार अंशांनी चुकलीय म्हणाले. हातात होकायंत्र. गुरुजी म्हणाले, तुमचं होकायंत्र सरकारी, माझी आग्नेय शास्त्राची. त्यात गुरुजींच्या पंचरत्नांच्या पुडीत मोती निघाला नाही. मी माझ्या नथीतला एक काढून दिला. यांना त्याचा पत्ताच नाही." तिचा आवाज खाली गेला. "झाकण उघडलं आणि मोती दिसला, तेव्हाच मी ओळखलं. पण यांचं तोंड बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना."

मावशीचा जीव दोन्हीकडून टांगणीला लागला होता. वास्तुपुरुष जमिनीतून उठून टीव्हीच्या कपाटावर बसलाय, ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. दोन दिवस संध्याकाळी ती त्याच्यापुढे निरांजन लावत होती, आणि काकांनी विचारलं तर "टीव्हीला" म्हणून सांगत होती. आणि खरं सांगावं, तर हा माणूस पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसेल. ते आठ महिने ती विसरली नव्हती. "मला पुन्हा ते बघवणार नाही गं," ती म्हणाली आणि रडली. माझी मावशी सासू गेली तेव्हाही रडली नव्हती. अर्थात त्याची कारणं वेगळी होती.

आमंत्रण मीच दिलेलं, तेव्हा निस्तरणंही मला भाग होतं. मी प्राध्यापक बाईंना फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, काहीतरी गोलमाल बोला, अभ्यास करून कळवते म्हणा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, खोटं सांगता येणार नाही हो मला. पण खरं हळू सांगता येईल. तुम्ही नाही का दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देत?"

रविवारी सकाळी दहाला पंधरा-वीस ज्येष्ठ नागरिक फळीवरून तोल सांभाळत आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. बाईही आल्या. साधा सुती कुर्ता, पायात बूट, आणि खड्ड्याच्या कडा बघून म्हणाल्या, "किती सरळ कापल्यात!" काकांना त्या एका वाक्यावर स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी निवृत्तीच्या दिवशीचा सफारी घातला होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिकपासून त्यांनी सुरुवात केली. बाई मान डोलवत ऐकत होत्या, आणि आपलं हळू सांगणं कुठून सुरू करावं याचा विचार करत असाव्यात. मावशी खांबाला धरून उभी होती. काकांनी ताम्रपुरुषावरचं कापड दूर केलं, आणि नेमक्या त्याच क्षणी कलाबाई कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. सोमवारपासून त्या नातीच्या बारशाला गावी होत्या. त्यांना टाळायचं आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं बया!" कलाबाई म्हणाल्या. "सायेब, हा तर वास्तुपुरुस! ह्याला कशाला भाईर काढला?"

मग एक ज्येष्ठ नागरिक फुसकन हसले, आणि त्यांच्या मागून सगळेच. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ताम्रपाषाण युग तुमच्या लग्नाच्या आधीचं की नंतरचं हो?" आणि पुन्हा हशा. मला त्या माणसाची एकूण एक दाढ भुलीशिवाय उपटावीशी वाटली. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी बोळक्याकडे बघितलं. मग जुन्या स्वयंपाकघराची भिंत जिथवर होती तिकडे बघितलं, आणि मनातल्या मनात मोजलं. मोजणीवाल्या माणसाला एवढं पुरे होतं. मग मावशीकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

मावशीने मान हलवली.

"कधीपासून?"

"झाकण उघडलंत तेव्हापासून."

"हा मोती?"

"माझ्या नथीतला. गुरुजींच्या पुडीत नव्हता."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही होकायंत्र बघत होतात," मावशी म्हणाली.

आता कुणी हसेना. काकांनी वही मागवली. मोजणी खात्यात चूक खोडायची एक रीत असते. खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. त्यांनी 'ताम्रपाषाण'वर एक सरळ रेघ ओढली, सही केली, आणि वर लिहिलं, 'लग्नानंतर तिसरं वर्ष.' मग त्यांनी बाईंना सरकारी आवाजात विचारलं, "वस्तू होती तशी परत ठेवायची झाली, तर तुमच्यात पद्धत काय?" बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तितक्याच गांभीर्याने सांगितलं, "त्याच जागी, त्याच खोलीवर. आणि खड्डा बुजवताना तळाशी आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवतो आम्ही, चालू सालाचं नाणं वगैरे. म्हणजे पुढे कुणी खोदलं तर त्याला कळतं, इथे आधी कोणीतरी येऊन गेलंय." काकांनी तेही लिहून घेतलं. कॉफी थंड झाली होती, ती सगळ्यांनी तशीच प्यायली.

सोमवारी गुरुजी आले. काकांनी टेप लावून अडीच फूट म्हणजे अडीच फूट मोजलं. आग्नेयबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, यावरून ते किती खचले होते ते मला कळलं. नाण्याबरोबर त्यांनी कौलाचा एक तुकडा ठेवला. त्यावर खिळ्याने कोरलं होतं, 'पुढील खोदकाम करणारास कळविण्यात येते की, सदर वस्तू आमची आहे. पाहून झाल्यावर होती तशी ठेवावी.' खाली दोघांच्या सह्या. माती लोटली. काकांनी हात धुतले, उलथनं, चाळण आणि गाळणी घासून-पुसून स्वयंपाकघरात जागच्या जागी नेऊन ठेवली, आणि सुतळ्या सोडल्या.

मंगळवारी सकाळी मावशीचा फोन. "बसलेत," एवढंच म्हणाली. मी दवाखान्याला उशीर करून गेले. काका झोपाळ्यावर होते. मांडीवर पेपर, पहिलं पान. मी म्हटलं, "काका, ब्रश आणलेत." ते म्हणाले, "ठेव." कुठे ते सांगितलं नाही. मी ते झोपाळ्यावर त्यांच्या शेजारीच ठेवले. इतक्यात मावशी हात पुसत बाहेर आली. दाराच्या दगडी पायरीपाशी थांबली.

"अहो, या पायरीखाली काय असेल हो?"

"मुरूम," काका पेपरातून म्हणाले.

"आणि मुरमाखाली?"

"काळी माती. द्राक्षबागेची."

"आणि त्याच्याखाली?"

काकांनी पेपर खाली केला आणि तिच्याकडे बघितलं. अडतीस वर्षांत तिने त्यांना असला प्रश्न विचारल्याचं मला तरी आठवत नाही, आणि त्यांनी तिच्याकडे असं बघितल्याचंही आठवत नाही. झोपाळा थांबला. "त्याच्याखाली," ते म्हणाले, "त्याच्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?" मावशी आत गेली आणि तिने उलथनं आणून त्यांच्या हातात दिलं.

आता त्या घरात पुढच्या दाराने जाता येत नाही. पायरी निघाली आहे, आणि तिच्या जागी पाच फुटांचा चौकोन आहे. आजवर त्यातून दोन गोट्या, एक तुटका कंगवा आणि बरीचशी माती निघाली. तीन वर्षं काका टेपचं एक टोक खिळ्याला अडकवून एकटेच मोजायचे. आता शून्याचं टोक मावशी धरते. तिचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केलीय, आणि ती चौरंग टाकून खड्ड्याच्या काठावर बसते. काकांना वाकलं की धाप लागते. मला दोघांची काळजी वाटते, हे मी त्यांना सांगत नाही. रविवारी मी जाते, तेव्हा दोन पांढरी डोकी त्या चौकोनावर झुकलेली असतात. "धरलंस?" "धरलंय." "सोडू नकोस." "नाही हो सोडत." मी आल्याचं दोघांनाही कळत नाही. मी मागच्या दाराने आत जाते, तिघांचा चहा टाकते, आणि ती दोघं वर बघतील म्हणून दारात उभी राहते. हल्ली बराच वेळ उभं राहावं लागतं.